रुग्णालयजन्य जीवाणूसंसर्ग आणि त्याच्या प्रसाराचा मागोवा

बीजशब्द : रुग्णालयजन्य संसर्ग, साथरोगशास्त्र, जनुकसंच, उत्परिवर्तन, प्रतिजैविक-प्रतिरोध, प्लाझ्मिड

प्रस्तावना

रुग्ण ज्या आजारासाठी रुग्णालयात दाखल होतो, त्याखेरीज दुसराच एखादा जंतुसंसर्ग त्याला तेथील वास्तव्यात जडला, तर त्यास रुग्णालयजन्य संसर्ग असे म्हणतात. व्यवहारात यासाठी वेळेची एक सीमारेषा आखलेली आहे. दाखल होताना जो संसर्ग शरीरात नव्हता किंवा सुप्तावस्थेतही नव्हता, तो ४८ तासांनंतर प्रकट झाला तर तो रुग्णालयातील समजावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेबाबत ही मुदत ३० दिवसांची, तर कृत्रिम सांध्यासारखी वस्तू शरीरात बसविली असल्यास ९० दिवसांची धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार रुग्णालयात उपचार घेणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो.

हा संसर्ग होतो कसा, याचे ढोबळ उत्तर सर्वांना ठाऊक असते : अस्वच्छतेमुळे. परंतु हे उत्तर फारसे उपयोगाचे नाही. विशिष्ट खाटेवरील विशिष्ट रुग्णाच्या रक्तात आलेला जीवाणू नेमका कोठून, कोणामार्फत आणि केव्हा आला, हे कळल्याखेरीज साथ थोपविता येत नाही. प्रस्तुत लेखात या शोधाच्या पद्धतींचा विचार केला आहे. तो वैद्यकीय तज्ज्ञांसाठी लिहिलेला नसून विविध विषयांच्या अध्यापकांसाठी आहे. कारण, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, हा शोध जितका सूक्ष्मजीवशास्त्राचा आहे तितकाच संख्याशास्त्राचा, नोंदींचा आणि काही अंशी पाठचिकित्सेचाही आहे.

व्हिएन्नातील दोन प्रसूतिकक्ष

या विषयाचा प्रारंभ जीवाणूंचे ज्ञान होण्यापूर्वीच झाला, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणींना शिक्षण दिले जाई. १८४६ साली पहिल्या कक्षात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ स्त्रिया मृत्यू पावल्या. दुसऱ्यात ३,७५४ प्रसूतींमागे १०५. म्हणजे एकाच इमारतीत एकीकडे ११.४ टक्के व दुसरीकडे २.८ टक्के. यांतील बहुतेक मृत्यू सूतिकाज्वराचे होते. कोणत्या कक्षात दाखल व्हायचे हे आलेल्या वारावर ठरे. त्यामुळे पहिल्या कक्षाचा वार आला की स्त्रिया तेथे न जाण्यासाठी विनवण्या करीत.

तेथील साहाय्यक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रचलित कारणे एकेक करून तपासली. दूषित हवा म्हणावी, तर ती दोन्ही कक्षांत सारखीच होती. गर्दी म्हणावी, तर स्त्रियांच्या पसंतीमुळे ती दुसऱ्याच कक्षात अधिक असे. मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी याकोब कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन वारले आणि त्यांच्या शवविच्छेदनात सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांत आढळणारीच लक्षणे दिसली. फरक उलगडला. पहिल्या कक्षातील विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती करण्यात आली. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आले.

या कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाच्या स्रवणाऱ्या कर्करोगाची एक स्त्री कक्षातील पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी हात केवळ साबणाने धुतले व ते पुढील खाटांकडे वळले. त्यानंतर प्रसूत झालेल्या १२ स्त्रियांपैकी ११ जणी दगावल्या. विषारी द्रव्य केवळ शवातून येते हा आपलाच निष्कर्ष सेमेलवाइस यांना यामुळे दुरुस्त करावा लागला. ते जिवंत रुग्णाकडूनही दुसऱ्या रुग्णाकडे जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते, सेमेलवाइस यांचे खरे मोठेपण येथे आहे. त्यांना विरोध का झाला, याचे उत्तरही याच निष्कर्षात आहे. मागोवा घेत घेत जेथे पोहोचायचे ते ठिकाण डॉक्टरांचे स्वतःचे हात होते.

मोजणीचा प्रश्न

मागोव्याची पहिली पायरी मोजणी ही असते, आणि तीत चूक झाली तर पुढचे सारे व्यर्थ ठरते. साथ आहे असे म्हणण्यासाठी नेहमीचे प्रमाण किती हे आधी ठाऊक हवे. एका महिन्यात पाच रुग्णांच्या रक्तात एकच जीवाणू सापडला, तर ती साथ की योगायोग? मागील वर्षभराची नोंद नसल्यास या प्रश्नाला उत्तर नाही.

शिवाय रुग्णांची नुसती संख्या फसवी असते. समजा, ‘अ’ या अतिदक्षता विभागात महिन्याभरात नीलिकेतील नळीमुळे रक्तसंसर्ग झालेले ५ रुग्ण आढळले आणि ‘ब’ विभागात ८. वरवर पाहता ‘ब’ विभाग अधिक दोषी. परंतु ‘अ’ मध्ये महिन्याभरात सर्व रुग्णांचे मिळून २५० नळी-दिवस भरले आणि ‘ब’ मध्ये १,०००, असे असेल तर दर १,००० नळी-दिवसांमागे ‘अ’ चा दर २० व ‘ब’ चा ८ येतो. धोका रुग्णाच्या संख्येशी नव्हे, तर नळी शरीरात किती दिवस राहिली याच्याशी निगडित असतो. म्हणून छेद तसा घ्यावा लागतो. मूत्रनलिका व कृत्रिम श्वसनयंत्र यांच्याबाबतही हेच सूत्र लागू आहे.

यानंतर प्रत्येक बाधित रुग्णाची एक ओळ याप्रमाणे यादी तयार करतात : दाखल झाल्याची तारीख, खाट, खाट बदलल्याच्या तारखा, झालेल्या तपासण्या, वापरलेली यंत्रे, हाताळणारे कर्मचारी, पहिला नमुना सकारात्मक आल्याचा दिवस. ही यादी समोर ठेवून कोण कोणाच्या सान्निध्यात केव्हा होते, हे पाहिले जाते. अनेक साथींचा उगम या साध्या कोष्टकातूनच सापडलेला आहे. मात्र त्याची एक मर्यादा आहे. मोठ्या रुग्णालयात बहुतेक रुग्ण कधी ना कधी एकाच क्ष-किरण कक्षातून किंवा एकाच शस्त्रक्रियागृहातून गेलेले असतात. सान्निध्य सिद्ध होते. प्रसार सिद्ध होत नाही.

जीवाणूची ओळख पटविणे

दोन रुग्णांत ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ सापडला, एवढ्यावरून तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला असे म्हणता येत नाही. हा जीवाणू कित्येक निरोगी माणसांच्या नाकात सुखाने नांदत असतो. दोघांची आडनावे सारखी असल्याने ते भाऊ ठरत नाहीत, तसेच हे आहे. त्यामुळे जातीच्या आत उपप्रकार पाडण्याची गरज भासली. १९५० च्या दशकात कोणते जीवाणूभक्षक विषाणू त्याला मारतात यावरून हे प्रकार पाडीत; प्रसूतिगृहांत व बालकक्षांत जगभर धुमाकूळ घालणारा ‘८०/८१’ हा प्रकार याच पद्धतीने ओळखला गेला. पुढे १९८४ मध्ये डेव्हिड श्वार्ट्झ व चार्ल्स कँटर यांनी डीएनएचे मोठे तुकडे विद्युत्‌क्षेत्राची दिशा बदलत वेगळे करण्याची पद्धत शोधली आणि दोन नमुन्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहणे शक्य झाले. सुमारे दोन दशके हीच कसोटी प्रमाण मानली जात होती. परंतु पट्ट्या जुळल्या तरी त्यावरून ‘एकच कूळ’ इतकेच कळे. कोणाकडून कोणाकडे, हे कळत नसे. ते कळू लागले संपूर्ण जनुकसंच अक्षरशः वाचता येऊ लागल्यानंतर.

पाठभेदांचा दाखला

ही पद्धत समजावून घेण्यासाठी मराठीच्या व संस्कृतच्या अध्यापकांना दूर जाण्याचे कारण नाही. हस्तलिखिताची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकते. त्या नकलेवरून पुढे ज्या नकला होतात, त्यांत ती चूक तशीच उतरते आणि नव्या चुकांची भर पडते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अशा साचलेल्या अपपाठांमुळेच. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पोथ्यांची कुळे लावली गेली, ती याच तत्त्वावर. समान चूक ही समान उगमाची खूण असते.

जीवाणू विभागतो तेव्हा तो आपल्या जनुकसंचाची नक्कल करतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा जनुकसंच सुमारे २८ लाख ‘अक्षरांचा’ असतो. नक्कल विलक्षण बिनचूक होते. तरीही वर्षाकाठी काही मोजकी अक्षरे बदलून टिकून राहतात. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. आता क्ष या रुग्णाच्या जीवाणूत मूळ प्रतीपेक्षा एक अक्षर वेगळे आहे, य मध्ये तेच अक्षर वेगळे असून आणखी एक बदल आहे, आणि ज्ञ मध्ये हे दोन्ही असून तिसराही आहे, असे आढळले, तर क्ष–य–ज्ञ असा क्रम सुचतो. चौथ्या रुग्णात शेकडो अक्षरे निराळी निघाली, तर तो त्याच आठवड्यात त्याच कक्षात असूनही या साखळीतला नाही. अशी सुटका करणे हेही या पद्धतीचे मोठे काम आहे, कारण साथीच्या काळात संशय फार लवकर पसरतो.

बेथेस्डा, २०११

अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात १३ जून २०११ रोजी न्यूयॉर्कहून एक रुग्ण दाखल झाला. त्याच्या शरीरात ‘क्लेबसिएला न्यूमोनिए’ हा कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकांनाही न जुमानणारा जीवाणू असल्याचे ठाऊक होते. त्याला विलगीकरणात ठेवण्यात आले, सर्व खबरदारी घेतली गेली आणि १५ जुलैला तो घरी गेला. कोणालाही लागण झाल्याचे दिसले नाही. तीन आठवड्यांनी, ५ ऑगस्टला, दुसऱ्या एका रुग्णात तोच जीवाणू आढळला. मग सुमारे दर आठवड्याला एक याप्रमाणे रुग्ण सापडत गेले. एकूण १८ रुग्ण बाधित झाले. त्यांपैकी ११ दगावले. ६ मृत्यू या संसर्गामुळेच झाल्याचा निर्वाळा देण्यात आला.

मधल्या तीन आठवड्यांच्या शांततेमुळे पहिल्या रुग्णाशी संबंध जोडणे अवघड होते. जीवाणू बाहेरून पुन्हा आला असणेही शक्य होते. ज्युली सेग्रे, तारा पामोर व इव्हान स्निटकिन यांच्या गटाने सर्व रुग्णांच्या जीवाणूंचे जनुकसंच वाचले. सुमारे ६० लाख अक्षरांच्या जनुकसंचात साऱ्या साथीत मिळून केवळ ४१ ठिकाणी भेद सापडले. तेवढ्यावरून चित्र उभे राहिले. पहिल्या रुग्णाच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेल्या नमुन्यांतही थोडे पाठभेद होते, आणि त्यांच्या आधारे असे दिसले की त्या एकाच रुग्णापासून तीन स्वतंत्र वेळा प्रसार झाला होता. त्याहून अनपेक्षित गोष्ट म्हणजे, ज्या क्रमाने रुग्ण उघडकीस आले तो प्रसाराचा क्रम नव्हताच. काही जण आठवडेच्या आठवडे लक्षणांविना जीवाणू बाळगून होते आणि दरम्यान तो पुढे गेला होता. हातधुणीच्या नाल्यांत आणि स्वच्छ केलेल्या एका श्वसनयंत्रातही तो जीवाणू सापडला.

उपाय त्याप्रमाणे बदलले. केवळ आजारी दिसणाऱ्यांचे नव्हे, तर सर्वच रुग्णांचे नमुने घेण्यास सुरुवात झाली. बाधितांसाठी भिंत उभारून वेगळा विभाग केला, त्यांच्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमले, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने खोल्या निर्जंतुक केल्या आणि हात धुतले जातात की नाही हे पाहायला माणसे उभी केली. साथ आटोक्यात आली. मात्र सर्वसामान्य जनतेला या प्रकरणाची माहिती झाली ती २०१२ च्या ऑगस्टमध्ये शोधनिबंध प्रकाशित झाल्यावर. या विलंबाबद्दल संस्थेवर टीका झाली, आणि ती गैरवाजवी म्हणता येणार नाही.

केंब्रिजमधील ६४ दिवस

दुसरे उदाहरण केंब्रिज येथील रोझी रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागाचे. २०११ मध्ये सहा महिन्यांच्या अवधीत तेथे १२ बालके मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसची, म्हणजे एमआरएसएची, वाहक असल्याचे आढळले. हे रुग्ण अधूनमधून सापडत असल्याने नेहमीच्या पद्धतीने ही साथ आहे की नाही याचा निर्णय होईना. शॅरन पीकॉक व ज्युलियन पार्कहिल यांच्या गटाने जनुकसंच वाचून ही एकच साथ असल्याचे दाखविले. इतकेच नव्हे, तर ती मातांमार्फत रुग्णालयाबाहेर कुटुंबांतही पोहोचल्याचे दिसून आले.

विभागाची कसून स्वच्छता झाली. शेवटचा बाधित रुग्ण जाऊन ६४ दिवस लोटले आणि पुन्हा एक बालक वाहक निघाले. जनुकसंच त्याच कुळातला. विभागात रुग्ण नाही, भिंती-फरश्या धुतलेल्या. तर मग जीवाणू इतके दिवस राहिला कोठे? १५४ कर्मचाऱ्यांचे नमुने घेण्यात आले आणि एक व्यक्ती वाहक आढळली. तिच्यावर उपचार करण्यात आले. ही माणसे वाहक असतात म्हणजे आजारी किंवा निष्काळजी असतात असे नव्हे. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच अशा शोधाचा अहवाल ‘दोषी कोण’ या भाषेत लिहिला गेला, तर पुढच्या वेळी कोणीही स्वखुशीने नमुना देणार नाही.

येथे पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एकाच वाहकाच्या शरीरात एका कुळाचे अनेक पाठ नांदतात. त्यांपैकी एकच तपासला तर दिशा उलटी दिसू शकते. ज्याचा नमुनाच घेतला नाही असा मधला दुवा साखळीत दिसत नाही. आणि प्रसार काही दिवसांत झाला असेल, तर दोन्ही जनुकसंच तंतोतंत सारखे निघतात, मग कोणाकडून कोणाकडे हे अक्षरे सांगू शकत नाहीत. त्या वेळी पुन्हा खाटांच्या तारखांकडेच वळावे लागते.

प्रक्षेप

पाठचिकित्सेचा दाखला आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. पोथीत जसे दुसऱ्या ग्रंथातील श्लोक घुसडले जातात, तसे जीवाणूतही बाहेरचे जनुक येतात. प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळे एका जीवाणूतून दुसऱ्यात, प्रसंगी निराळ्या जातीच्या जीवाणूतही जातात आणि सोबत प्रतिरोधाची जनुके नेतात. मग रुग्णालयात पसरत असतो तो एखादा जीवाणू नव्हे, तर एक जनुक. आज क्लेबसिएलात, उद्या ई. कोलायमध्ये. कुळांचा शोध घेणाऱ्याला ही साथ सुटी सुटी प्रकरणे वाटते.

एनडीएम-१ हे त्याचे आपल्याला जवळचे उदाहरण. डिसेंबर २००७ मध्ये नवी दिल्लीतील रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या रुग्णात २००८ साली ते प्रथम आढळले आणि त्याच्या नावात ‘नवी दिल्ली’ जोडली गेली. २०१० साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात यावरील लेख आल्यावर भारतात नावावरून मोठे वादळ उठले. शहराचे नाव रोगकारक घटकाला देणे अनुचितच होते. परंतु त्या रागात एक गोष्ट झाकोळली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी एका भारतीय नियतकालिकात स्वतःची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती : ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात मिळालेल्या कार्बापेनेम-प्रतिरोधी २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये हे जनुक होते. आपले आकडे आपण होऊन जाहीर करण्याचे हे धैर्य नावाच्या वादापेक्षा कितीतरी अधिक चर्चेस पात्र होते. पुढे २०११ मध्ये दिल्लीच्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ व साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक सापडले. रुग्णालयाची भिंत ही संसर्गाची सीमा राहिलेली नाही, असा याचा अर्थ होतो.

आपल्याकडील शक्यता

जनुकसंच वाचण्याचा खर्च पूर्वीपेक्षा खूपच उतरला असला तरी जिल्हा पातळीवरील रुग्णालयात ती नित्याची गोष्ट नाही. सुदैवाने प्रतिबंधासाठी तिची प्रत्येक वेळी गरजही नसते. जिनेव्हा येथील विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांनी खाटेजवळ अल्कोहोलयुक्त द्रावण ठेवून व सतत पाठपुरावा करून हात निर्जंतुक करण्याचे प्रमाण १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर नेले; त्याच काळात रुग्णालयजन्य संसर्ग १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आला. ६६ टक्के म्हणजे तिसरा हिस्सा प्रसंगी हात तसेच राहिले, तरीही इतका फरक पडला.

आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत या प्रश्नाला वेगळे परिमाण आहे. रुग्णाशेजारी नातेवाईक राहतात, तेच त्याला उठवतात, पुसतात, भरवतात आणि शेजारच्या खाटेवरील एकट्या म्हाताऱ्यालाही पाणी देतात. प्रसाराच्या परदेशी आराखड्यांत हा घटक सहसा दिसत नाही. त्यांना बाहेर काढणे हा उपाय सुचविला जातो, पण परिचारिकांची संख्या पाहता ती सेवा दुसरे कोण करणार? हात निर्जंतुक करण्याची बाटली आणि दोन वाक्यांची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचविणे अधिक व्यवहार्य आहे.

महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत रुग्णालयातील दारांच्या मुठी, भ्रमणध्वनी, खाटांचे कठडे यांवरून नमुने घेऊन सापडलेल्या जीवाणूंची नावे लिहिण्याचे विद्यार्थी-प्रकल्प वारंवार होतात. नम्रपणे नमूद करावेसे वाटते की, त्यांतून प्रसाराबद्दल फारसे काही कळत नाही. कठड्यावर जीवाणू असणारच. तो रुग्णातल्या जीवाणूशी जुळतो का आणि कोणत्या तारखांना, हा खरा प्रश्न. शिवाय प्रतिरोधी जीवाणू वाढविण्यासाठी लागणारी सुरक्षितता बहुतेक पदवी प्रयोगशाळांत नसते. याउलट संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र विभागाने जवळच्या रुग्णालयाच्या संमतीने व रुग्णांची नावे वगळून नळी-दिवसांची मोजणी आणि खाट बदलल्याच्या तारखांची नोंद एवढेच काम वर्षभर नेटाने केले, तर त्या रुग्णालयास स्वतःचे नेहमीचे प्रमाण प्रथमच कळू शकेल. खाटबदलाची तारीख बहुधा केसपेपरवर नसते. ती परिचारिकेच्या पाळी बदलताना लिहिल्या जाणाऱ्या नोंदवहीत असते, आणि ती वही भरली की पुढे जपून ठेवलीच जाईल याची शाश्वती नसते.